आधी कागद वाचावा, मग चित्र

१५१५ सालच्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजावर चढवण्यात आला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्कला भेट दिला होता आणि आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, मानुएलकडे, रवाना केला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला तेव्हा त्याला बघायला रीघ लागली, कारण रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलाच नव्हता. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचले. तिथल्या आल्ब्रेख्त ड्युररने प्रत्यक्ष प्राणी न पाहताच त्याचे चित्र काढले, ते लाकडी ठशावर कोरून घेतले आणि छापून विकले. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले आणि मानेजवळ निसर्गाने न दिलेले एक छोटे जादा शिंग. खरा गेंडा पुढच्याच वर्षी पोपकडे नेला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. कागदावरचा गेंडा मात्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपातल्या पुस्तकांमधून फिरत राहिला.

ड्युरर १५२८ मध्ये वारला, पण ठसा शाबूत होता, आणि तो पुन्हापुन्हा छापला गेला. सतराव्या शतकात तो ॲमस्टरडॅमला पोहोचला, तोवर लाकडाला कीड लागली होती आणि गेंड्याच्या पायांच्या भागात आडवी चीर गेली होती. किडीची भोके आणि ती चीर त्या काळच्या प्रतींवर पांढऱ्या खुणा होऊन उमटली आहेत. पहिल्या आवृत्तीत चित्राच्या वरचा मजकूर पाच ओळींचा आहे, नंतरच्या अनेक प्रतींमध्ये तो तसा नाही. म्हणजे दोन कागदांवर चित्र तेच, ठसाही तोच, पण एक कागद ड्युररच्या हयातीतला आणि दुसरा त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी निघालेला. जुनी चित्रे जमवण्याचे सारे शास्त्र या फरकात सामावले आहे. संग्राहकाला चित्र आवडणे ही पहिली पायरी झाली. तो कागद कुठून आला, कधी छापला गेला, त्याचे पुढे काय झाले, हे वाचता येऊ लागले की मग खरा संग्रह सुरू होतो.

तीन रीती, तीन खुणा

जुनी छापील चित्रे मुख्यतः तीन रीतींनी होत. पहिली रीत उठावाची. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचे, रेषा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढायचे, वर उरलेल्या रेषांना शाई लावून कागद दाबायचा. रबरी शिक्का याच तत्त्वावर चालतो. अशा चित्रात रेषेच्या कडेला शाई किंचित ढकललेली दिसते आणि कागदाच्या पाठीमागे कधी कधी रेषांचा दाब बोटाला जाणवतो. ड्युररचा गेंडा आणि जपानची रंगीत चित्रे या घराण्यातली.

दुसरी रीत याच्या नेमकी उलट आहे. तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार हत्याराने रेषा खोदायच्या, किंवा पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईने चित्र काढायचे आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्लाकडून खाववून घ्यायच्या. मग शाई त्या खाचांमध्ये भरायची, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करायचा, आणि ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून काढायचा. कागद खाचेतली शाई उचलतो, म्हणून छापलेली रेषा कागदावर किंचित उभी राहते. पत्र्याच्या कडांचा दाबही कागदावर चौकोनी खूण सोडतो. हत्याराने खोदलेली रेषा टोकाला निमुळती होत जाते, तर आम्लाने खाल्लेली रेषा टोकाला बोथट असते. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी चिकटवून तो आम्लात धरला, तर रेषेऐवजी जलरंगासारखी छटा मिळते. तिला ॲक्वाटिंट म्हणतात.

तिसरी रीत दगडाची, म्हणजे आपल्याकडची शिळाछाप. १७९८ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर याने बव्हेरियात ती शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि तेलकट शाई फिरवायची. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेषेवर बसते. इथे कोरीवकाम नाही, खाच नाही, म्हणून कागदावर उठावही नाही आणि पत्र्याचा चौकोनही नाही. रेषेत खडूची रवाळी दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोटोवरून ठसे करण्याची यांत्रिक पद्धत आली. ती ओळखायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. भिंगाखाली एकसारख्या अंतरावर मांडलेले नियमित ठिपके दिसले, की ते चित्र कितीही पिवळे पडलेले असले तरी यंत्रावर छापलेली नक्कल आहे. बाजारात ‘दोनशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून मिळणाऱ्या चित्रांपैकी पुष्कळ चित्रे या एका परीक्षेत बाद होतात. भिंग खिशात नसेल तर खरेदीला जाऊच नये.

हाताने कोरलेल्या छापील चित्रालाही ‘प्रत’ म्हणून कमी लेखण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती चुकीची आहे. रेम्ब्रांटने आम्लाने खाववून तयार केलेली सुमारे तीनशे चित्रे तांब्यावर जन्मली. त्यांचे ‘मूळ’ दुसरीकडे कुठे टांगलेले नाही. छापलेला कागद हीच तिथे मूळ कलाकृती. काही छापील चित्रे मात्र दुसऱ्याच्या रंगचित्रावरून केलेली असतात, आणि ते चित्राखालच्या बारीक लॅटिन अक्षरांत नोंदलेले असते. डाव्या कोपऱ्यात नावापुढे ‘पिंक्सिट’ असेल तर तो मूळ रंगचित्राचा कर्ता, ‘डेलिनेआविट’ असेल तर रेखाटन करणारा. उजवीकडचा ‘स्कल्प्सिट’ म्हणजे पत्रा खोदणारा, आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे बहुधा प्रकाशक. एका चित्रामागे किती हात होते, याची ही छोटी हजेरीच असते.

जमवणारे हात

छापील चित्र हलके, स्वस्त आणि गुंडाळून नेता येण्याजोगे. म्हणून ते जितके फिरले तितके रंगवलेले चित्र कधी फिरले नाही. आणि ते फिरू लागल्याबरोबर जमवणारेही तयार झाले. क्रिस्टोफर कोलंबसचा मुलगा फर्नांडो कोलोन हा त्यांच्यातला अग्रणी. १५३९ मध्ये तो वारला तेव्हा सेव्हिलमध्ये त्याच्यापाशी सुमारे ३,२०० छापील चित्रे होती. एकच चित्र दोनदा विकत घेतले जाऊ नये म्हणून त्याने त्यांची यादी करवून घेतली. कागदाचा आकार, चित्रातल्या माणसांची संख्या, ती कपड्यांत आहेत की उघडी, अशा क्रमाने त्या यादीतून चित्र शोधता येई. चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली, यादी मात्र टिकली, आणि आज अभ्यासक तिच्या आधारे तो हरवलेला संग्रह पुन्हा जुळवतात. संग्रहापेक्षा त्याची नोंदवही जास्त जगल्याचे हे उदाहरण प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावे.

फ्रान्समध्ये मिशेल द मारोल या धर्मगुरूने जमवलेली एक लाख तेवीस हजारांच्या आसपास चित्रे १६६७ मध्ये चौदाव्या लुईसाठी विकत घेतली गेली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला छापील चित्रांचा विभाग त्यांच्यावर उभा आहे.

आपल्याकडेही ही आवड लवकर पोहोचली, आणि पुन्हा गोव्याच्याच वाटेने. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात दाखल झाले. त्यांनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल बादशहाला नजर केले. त्यातली खोदीव चित्रे दरबारी चित्रकारांच्या हाती पडली. पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झालेला अबुल हसन वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० मध्ये, ड्युररच्या छापील चित्रावरून संत योहानाचे रेखाटन करत होता. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. जहांगीरच्या चित्रसंग्रहाच्या पानांवर फारसी सुलेखनाभोवतीच्या हाशियांमध्ये युरोपीय चित्रांतल्या आकृती अवतरलेल्या दिसतात.

हा प्रवास उलट दिशेनेही झाला. रेम्ब्रांटच्या हाती मुघल लघुचित्रे आली आणि त्याने आशियातून आलेल्या कागदावर त्यांची वीसहून अधिक रेखाटने केली. तो स्वतः मोठा संग्राहक होता. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले तेव्हा झालेल्या जप्तीच्या यादीत मांतेन्या, लुकास फान लेडन अशा आधीच्या पिढ्यांतल्या कलावंतांच्या छापील चित्रांच्या वह्याच्या वह्या नोंदलेल्या आहेत. व्हॅन गॉगने १८८६-८७ च्या हिवाळ्यात पॅरिसच्या एका व्यापाऱ्याकडून शेकड्यांनी जपानी चित्रे घेतली. ती विकून पैसे करावेत असा त्याचा बेत होता. विक्री झाली नाही, पण हिरोशिगेच्या दोन चित्रांवरून त्याने तैलचित्रे केली आणि त्याची रंगांकडे पाहण्याची रीतच पालटली. त्याने व त्याच्या भावाने जमवलेल्यांपैकी पाचशेहून अधिक चित्रे ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. संग्रह हा श्रीमंतांचा छंद असतो, ही समजूत खोडून काढायला एवढे एक नाव पुरे.

पत्र्याचे आयुष्य

तांबे मऊ असते. प्रत्येक छापणीत खाचा किंचित झिजतात, शाई कमी धरतात आणि चित्रातले काळे करडे होत जाते. म्हणून सुरुवातीच्या प्रती आणि उशिराच्या प्रती यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कलावंत मधेच पत्र्यावर नवे कामही करतो, सावल्या गडद करतो, एखादी आकृती खोडतो. अशा प्रत्येक बदलाला अभ्यासक वेगळी ‘अवस्था’ मानतात. ऑस्ट्रियाच्या आदाम बार्च याने १८०३ ते १८२१ या काळात २१ खंडांत युरोपातल्या खोदीव चित्रांची सूची केली. त्याचे क्रमांक आजही लिलावांच्या यादीत वापरले जातात.

कलावंत जातो, पत्रा मागे उरतो, आणि तो ज्याच्या हाती पडेल तो छापत राहतो. रेम्ब्रांटच्या १६४९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या, येशू रुग्णांना बरे करतो त्या प्रसिद्ध चित्राचा झिजलेला पत्रा पुढे कॅप्टन विल्यम बेली याच्याकडे आला. त्याने १७७५ मध्ये तो पुन्हा खोदून घेतला, त्याच्या प्रती काढल्या आणि नंतर पत्र्याचे तुकडे करून ते तुकडेही सुटे छापले. हे कागद खोटे नाहीत, पण त्यांवरचा हात रेम्ब्रांटचा उरलेला नाही. पिरानेसीने कोरलेल्या रोमच्या दृश्यांचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतर मुलांनी पॅरिसला नेले, तिथेही छापणी चालू राहिली, आणि शेवटी ते रोमला परतले.

गोयाची गोष्ट आणखी वेगळी. स्पेनमधल्या युद्धाच्या भीषणतेवर त्याने १८१० नंतर दशकभर पत्रे तयार केले, पण ते प्रसिद्ध करण्याजोगी परिस्थिती त्याच्या हयातीत आलीच नाही. १८२८ मध्ये तो वारला. ‘युद्धाचे अनर्थ’ ही मालिका माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीने प्रथम छापली ती १८६३ मध्ये, पस्तीस वर्षांनी. म्हणजे इथे ‘कलावंताच्या मृत्यूनंतरची’ आवृत्ती हीच पहिली आवृत्ती आहे. ‘हयातीतले ते चांगले, नंतरचे ते वाईट’ असा सरधोपट नियम म्हणूनच चालत नाही. प्रत्येक पत्र्याचा इतिहास वेगळा काढावा लागतो.

जपानमध्ये हीच कथा लाकडावर घडली. तिथे चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चौघे मिळून एक चित्र तयार करत. चेरीच्या लाकडावर बाह्यरेषांसाठी एक आणि रंगांसाठी निरनिराळे ठसे कोरले जात. होकुसाईची ‘महालाट’ १८३१ च्या सुमाराची. तिच्यातला गडद निळा हा युरोपात शोधला गेलेला प्रशियन निळा. हजारो प्रती निघाल्या तसा ठसा झिजला. सुरुवातीच्या चांगल्या प्रतींत आकाशात फिकट गुलाबी ढग दिसतात, कोपऱ्यातल्या शीर्षकाची चौकट अखंड असते. उशिराच्या प्रतींत त्या चौकटीची रेषा तुटलेली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्राची एक उत्तम प्रत सुमारे २७ लाख डॉलरला गेली. झिजलेल्या प्रतीला याचा लहानसा अंशच मिळतो, आणि विसाव्या शतकात नव्याने ठसे कोरून केलेल्या सुंदर नकला तर सामान्य माणसाच्या आवाक्यात असतात. तिन्ही घ्यायला हरकत नाही, फक्त आपण काय घेतो आहोत हे ठाऊक हवे.

आपल्या मातीतले कागद

महाराष्ट्रातल्या संग्राहकाला सुरुवात करायला दूर जावे लागत नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतभर फिरून केलेल्या चित्रांवरून १७९५ ते १८०८ दरम्यान १४४ ॲक्वाटिंट प्रसिद्ध केले. त्यांतली वेरूळच्या लेण्यांची मालिका मात्र त्यांनी स्वतः रेखाटलेली नाही. ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली आहे. वेल्स हा पुण्यात पेशव्यांच्या दरबारी राहिलेला स्कॉटिश चित्रकार. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्र चित्र त्याचेच. लेण्यांची रेखाटने करण्याच्या धावपळीतच साष्टीत आजारी पडून तो १७९५ मध्ये वारला, आणि त्याचे काम डॅनियलांनी छापून जगापुढे आणले. याच काळात रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार लेणी, प्राणी आणि माणसे रेखाटत होता. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल येथे जपली आहेत. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडलेचा पश्चिम भारताच्या दृश्यांचा संग्रह १८२६ ते १८३० मध्ये निघाला. त्यात दौलताबाद आहे, वेरूळ आहे, मुंबई आहे. याच ग्रिंडलेच्या पेढीची पुढे ग्रिंडलेज बँक झाली.

नंतर छपाई आपल्या हाती आली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी शिळाछाप चित्रे तिथून घराघरांत गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर याच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वर वार्निश, आणि कधी कॅनव्हासचा भास आणणारा पोत. याला ओलिओग्राफ म्हणतात. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांची जी रूपे आजही डोळ्यांपुढे येतात ती या दगडांवरून आली. हौशी घरांमध्ये बायकांनी देवीच्या चित्राला खरी जर, कापड आणि टिकल्या चिकटवून सजवले. अशी सजवलेली चित्रे काही संग्राहक मुद्दाम शोधतात, कारण त्या कागदावर घराचाही हात फिरलेला आहे. १९७२ च्या आगीत मळवलीचा छापखाना जळाला.

रविवर्मा छापखान्याच्या नकला उदंड आहेत. अस्सल ओलिओग्राफ भिंगाखाली धरला तर ठिपके दिसतात, पण ते हाताने दगडावर टिपलेले, लहान-मोठे, अनियमित असतात. खालच्या पट्टीत छापखान्याचे नाव असते. पत्ता मुंबईचा आहे की कार्ला-लोणावळ्याचा, यावरून कालखंडाचा अंदाज बांधता येतो. पट्टी कापलेली असेल तर भाव तेवढाच कमी करावा.

रंगवलेल्या चित्रांची पारख

छापील चित्राला भावंडे असतात. दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहता येते. रंगवलेले चित्र एकटे असते, म्हणून त्याची पारख जास्त अवघड. इथे लिलावाच्या यादीतली भाषा नीट वाचावी लागते. नुसते चित्रकाराचे पूर्ण नाव असेल तर विकणारा कर्तृत्वाची हमी घेतो आहे. ‘त्याचे असावे’, ‘त्याच्या कार्यशाळेतले’, ‘त्याच्या वर्तुळातले’, ‘अनुयायाचे’ आणि शेवटी ‘त्याच्यावरून’ या पायऱ्या उतरत जातात, आणि प्रत्येक पायरीला किंमतही उतरते.

तैलचित्र आधी उलटे करून पाहावे. पाठीमागची लाकडी चौकट, खिळे, जुन्या दुकानांच्या आणि प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, कापडाला मागून लावलेले अस्तर हे सारे पुढच्या सहीपेक्षा जास्त प्रामाणिकपणे बोलते. रंगही तारीख सांगतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडला, टायटॅनियम पांढरा साधारण १९२० च्या आसपास वापरात आला. सतराव्या शतकाचे म्हणवणाऱ्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला, तर तिथे नंतरची डागडुजी आहे किंवा सरळ फसवणूक आहे.

लघुचित्रांच्या बाबतीत ठरलेली फसवणूक म्हणजे जुन्या पोथीचे किंवा हिशेबाच्या वहीचे पान घेऊन त्यावर नवे चित्र रंगवणे. कागद खरोखर जुना, मजकूर जुना, फक्त चित्र आताचे. अशा वेळी मजकूर आणि चित्र यांचा काही संबंध लागतो का ते पाहावे. रंग अक्षरांवर चढला आहे का ते पाहावे. पानाला कसरीने पाडलेली भोके असतील आणि रंग भोकाच्या आत कडेपर्यंत उतरला असेल, तर भोक आधीचे आणि चित्र नंतरचे.

प्रामाणिक प्रतिकृतीत मात्र कमीपणा नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या भवानी संग्रहालयात रविवर्मांची चित्रे आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे, आणि युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. प्रजेला जगातली कला बघायला मिळावी हा त्यामागचा हेतू. प्रतिकृती प्रतिकृती म्हणून मांडली की ती शिकवते.

घेताना

पहिली गोष्ट, कागद उजेडासमोर धरावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपचा कागद तारांच्या जाळीवर घडवला जाई, म्हणून त्यात बारीक समांतर रेघा दिसतात. कारखान्याचे जलचिन्हही दिसू शकते. व्हॉटमन या इंग्रज कागदवाल्याच्या जलचिन्हात १७९४ पासून सालही आढळते. चित्राखाली छापलेले साल हे पत्रा तयार झाल्याचे, जलचिन्हातले साल कागद घडल्याचे. पत्र्यावर १७९५ आणि कागदात त्याच्या कितीतरी नंतरचे साल असेल, तर छापणी उशिराची. इंग्लंडमध्ये होगार्थच्या प्रयत्नाने १७३५ मध्ये खोदीव चित्रांच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हापासून प्रकाशनाची तारीख आणि पत्ता छापण्याची प्रथा पडली. ती ओळ उपयोगाची आहे, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

दुसरी गोष्ट, पेन्सिलीने लिहिलेले ‘५० पैकी १२’ असे आकडे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. रेम्ब्रांटच्या नावाच्या कागदावर असा आकडा दिसला तर तो आधुनिक पुनर्मुद्रणाचा पुरावा समजावा. कोपऱ्यातला छोटासा शिक्का मात्र जपून पाहावा, तो पूर्वीच्या संग्राहकाचा असू शकतो. फ्रिट्स लुख्ट या डच अभ्यासकाने १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोशच प्रसिद्ध केला. या शिक्क्यांवरून कागद कुणाकुणाच्या हातांतून आला हे कळते.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकोश कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि जुन्या रंगचित्रांसारख्या ठरावीक प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. रविवर्मांची चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत. म्हणून पावती घ्यावी, विकणाऱ्याचा परवाना विचारावा, वस्तू कुठून आली हे लेखी मागावे. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नये.

आणि चौथी गोष्ट सचोटीची. डॅनियल आणि ग्रिंडले यांची चित्रे ग्रंथरूपात निघाली होती. एकेक चित्र सुटे विकले तर जास्त पैसे येतात, म्हणून असे ग्रंथ, नकाशांच्या वह्या, सचित्र पोथ्या आजही फाडल्या जातात. पूर्वीच सुटलेले पान घेणे वेगळे. पण नुकतीच कापलेली कड आणि शिवणीची ताजी भोके दिसली, तर तो कागद परत ठेवावा. आपण घेतो म्हणूनच ते फाडले जाते.

सांभाळताना

कोकण आणि मुंबईची दमट हवा हा कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दमटपणाने बुरशी धरते, तांबूस ठिपके उठतात, कसर लागते. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र कधी टांगू नये. काच आणि चित्र यांचा स्पर्श होऊ नये म्हणून मधे आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कागद तपकिरी करते. चिकटपट्टी, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन ही तिन्ही कायमची हानी करतात. चित्र पुठ्ठ्याला डकवायचे झाले तर पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते, कारण ती पाण्याने सोडवता येते. कडा कापू नयेत, कारण पत्र्याचा चौकोन, सही, जलचिन्ह हे सारे कडेलाच असते. संग्रहालये कागदावरच्या चित्रांना सुमारे ५० लक्स एवढाच मंद उजेड देतात. जपानी चित्रांतले वनस्पतीजन्य निळे आणि लाल रंग उन्हात अक्षरशः उडून जातात. घरी चित्रे काही महिने भिंतीवर, काही महिने पेटीत अशी आलटून पालटून ठेवावीत. ठिपके घालवण्यासाठी घरगुती उपाय करू नयेत, तज्ज्ञाकडे जावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक विषय धरावा. आपल्या गावाची जुनी दृश्ये, एकाच छापखान्याची चित्रे, किंवा पक्षी, किल्ले, नकाशे यांपैकी काही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेली युरोपीय चित्रे आणि जपानी-चिनी कलावस्तू आहेत. ती पुन्हापुन्हा पाहून डोळा तयार करावा. उत्तम चित्राची झिजलेली प्रत घेण्यापेक्षा कमी प्रसिद्ध चित्राची पहिल्या छापणीतली ताजी प्रत घ्यावी. ती अधिक शिकवेल आणि अधिक टिकेल. घेतलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवावी: काय आहे, कुठून घेतले, केव्हा, कितीला, कोणत्या स्थितीत. आणि आपल्याच घराच्या माळ्यावर आजोबांच्या काळातली काच फुटलेली तसबीर पडून असेल, तर ती रद्दीत देण्याआधी भिंगाखाली एकदा नक्की पाहावी.